ताऱ्याचा अंत आणि कृष्णविवर : फिरत्या प्रदर्शनासाठी नाशिककरांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

आपल्या खगोल मंडळाचे यंदाचे फिरते प्रदर्शन कृष्णविवर कसे जन्माला येते या विषयावर करावे, असे कार्यकारिणीने ठरवले असून त्यासाठी आपल्यापुढे पुन्हा एकदा झोळी पसरावी लागत आहे.

१० एप्रिल २०१९ रोजी एम ८७ दीर्घिकेतील कृष्णविवराची प्रतिमा प्रसिद्ध झाल्यापासून ते नारिंगी कडे मुलांच्या ओळखीचे झाले आहे. पण तारा स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने कोसळतो म्हणजे काय होते, असे विचारले की मुलेच काय, शिक्षकही अडखळतात. इंधन संपलेल्या ताऱ्याला इलेक्ट्रॉनांचा दाब सूर्याच्या सुमारे १.४ पट वस्तुमानापर्यंतच सावरू शकतो. त्याहून जड गाभा कोसळू लागतो. या मर्यादेचे गणित भारतीय शास्त्रज्ञ चंद्रशेखर यांनी १९३० साली इंग्लंडला जाताना बोटीवर आरंभले आणि १९३५ मध्ये तिथले ख्यातनाम खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन यांनी भर सभेत ते धुडकावले. कोसळणाऱ्या द्रव्यगोलाचे गणित कोलकात्याच्या बी. दत्त यांनी १९३८ मध्ये, तर अमेरिकेत ओपेनहायमर आणि स्नायडर यांनी १९३९ मध्ये मांडले. पुढे गुरुत्वाकर्षणाने द्रव्य कसे एकवटते हे सांगणारे अमलकुमार रायचौधुरी यांचे १९५५ चे समीकरण, असे कोसळणे एका टप्प्यानंतर थांबवता येत नाही हे दाखवणाऱ्या ब्रिटिश गणिती पेनरोज यांच्या १९६५ च्या सिद्धान्ताच्या मुळाशी आले. पेनरोज यांना २०२० मध्ये नोबेल मिळाले. दत्त आणि रायचौधुरी ही नावे मात्र आपल्याकडच्या विज्ञानाच्या पदवीधरांनाही ठाऊक नसतात, याची आम्हाला खंत आहे.

मंडळ आजवर उभे राहिले ते देणगीदारांच्या पुण्याईवर. आठ इंची दुर्बीण देणारे सातपूरचे उद्योजक आज हयात नाहीत. आरशाला बुरशी लागू नये म्हणून ते दर पावसाळ्याआधी स्वतः येऊन पेटीतल्या सिलिका जेलच्या पुड्या बदलून जात. पंचवटीच्या एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी नाव न छापण्याच्या अटीवर निवृत्तिवेतनातून तक्त्यांचा खर्च उचलला. अंबडच्या एका कारखान्याने दिलेला पोलादी गोळा ताणलेल्या लायक्रा कापडावर ठेवला की खोल खळगा पडतो आणि कडेने सोडलेली गोटी घिरट्या घालत आत उतरते. पेठ-सुरगाण्याच्या आश्रमशाळांत मुले त्या कापडाजवळून हलत नाहीत. ते कापड आता विरले आहे, शिवाय त्यावर गुरुत्वाकर्षण दिसते, ताऱ्याचे कोसळणे दिसत नाही. म्हणूनच श्वेतबटू (विझत जाणारा लहान, घन तारा), न्यूट्रॉन तारा (त्याहूनही घट्ट दाबला गेलेला गाभा) आणि कृष्णविवर या ताऱ्याच्या अंताच्या तिन्ही वाटा दाखवणारी नवी प्रतिकृती हवी आहे.

गतवर्षी शहरातील एका नामांकित संस्थेला पाठवलेल्या पत्राची साधी पोचही आली नाही आणि व्याख्यानाच्या दिवशी मागच्या रांगा रिकाम्याच राहिल्या. सिंहस्थाच्या तयारीत सारे गुंतले आहेत, हे आम्ही जाणतो. पण कुंभाला निधी असतो आणि विज्ञानाला मात्र शुभेच्छा, हे थोडे लागतेच. २०१५ मध्ये दोन कृष्णविवरांच्या मीलनातून उठलेल्या गुरुत्वीय लहरी ज्या पद्धतीच्या यंत्राने टिपल्या, तसे यंत्र आपल्याच राज्यात, हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ उभारले जाणार आहे. तिथे नाशिक जिल्ह्यातील मुले का नसावीत?

एकूण खर्च सुमारे पावणेदोन लाख रुपये, पैकी निम्मी रक्कमही जमलेली नाही. देणगी रोख किंवा धनादेशाने कार्यालयात, सोमवार सोडून सायंकाळी ६ ते ८, पावती तिथेच. लायक्रा कापड, प्लायवूड, एलईडी पट्ट्या वस्तुरूपानेही चालतील. टेम्पो असलेल्यांनी डिसेंबरमधील दोन रविवार कळवावेत. अंतिम तारीख ३० नोव्हेंबर.

आपला,
कार्यवाह