आभाळ निरभ्र असतानाच बंदर रिकामं करायचं

चि. राणीस,
अनेक आशीर्वाद.

वादळ येतंय म्हटल्यावर माणसं घरात शिरतात, मग आपण जहाजांना बंदरातून बाहेर का काढतो, असं तू फोनवर विचारलंस. दोन वाक्यांत सांगून भागलं असतं. पण तू आता बंदराच्या वाहतूक नियंत्रण कक्षात बसणार आहेस आणि हा निर्णय तुझ्यासमोर होणार आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

छोटी बोट खाडीत आत नेऊन ठेवली तर वाचते. मोठ्या जहाजाचं तसं नाही. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वारा ३० नॉटचा (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) ६० नॉट झाला की जहाजाच्या कुशीवरचा दाब चौपट होतो. डेकवर कंटेनरचे थर रचलेलं लांबलचक जहाज धक्क्याला बांधलेलं असताना हा सगळा जोर दोरांवर आणि ते ज्यांना बांधतात त्या धक्क्यावरच्या खुंटांवर, म्हणजे बोलार्डवर येतो. त्यात वादळाबरोबर समुद्राची पातळीही चढते. जहाज वर उचललं गेलं की दोर ताठतात आणि एकेक करून तुटतात. धक्क्याला लावलेले फेंडर, म्हणजे धडक झेलणाऱ्या गाद्या, खालीच राहतात आणि कूस थेट धक्क्याच्या काठावर आपटायला लागते. सुटलेलं जहाज शेजारच्या जहाजावर जातं, पुलावर जातं, नाहीतर मार्गात आडवं बसतं. मग वादळ निघून गेलं तरी बंदर उघडत नाही. उघड्या समुद्रात त्याच जहाजाला जागा मिळते. तिथं वाऱ्याकडे तोंड धरून राहता येतं, वादळाची वाट सोडून लांब जाता येतं.

बाहेर नांगर टाकून थांबलं तर काय, हा तुझा पुढचा प्रश्न असणार. जहाजांची मजबुती तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या वर्गीकरण संस्थांच्या नियमात नांगर आणि साखळी ठरवताना वारा सेकंदाला २५ मीटर, म्हणजे साधारण ४८ नॉट धरतात, आणि तोही आडोशाच्या पाण्यात. अतितीव्र चक्रीवादळाचा वारा ६४ नॉटच्या पुढचा असतो आणि उघड्या जागी लाटांचे झटके वेगळे. नांगर वाट पाहण्यासाठी असतो, वादळ झेलण्यासाठी नव्हे. ऑस्ट्रेलियात न्यूकॅसल बंदराबाहेर जून २००७ मध्ये कोळसा भरायला पन्नासहून जास्त जहाजं नांगर टाकून थांबली होती. ते वादळ उष्णकटिबंधीय नव्हतं, पण धडा तोच. ‘पाशा बल्कर’ या जहाजानं नांगर उचलला तेव्हा फार उशीर झाला होता. हलकं, रिकामं जहाज वाऱ्यापुढे किनाऱ्याकडे ढकललं गेलं आणि वाळूत रुतलं. खलाशांना हेलिकॉप्टरनं उचलावं लागलं. जहाज पुन्हा तरंगायला जुलै उजाडला.

तेव्हा बाहेर काढायचं, आणि लवकर काढायचं. लवकर म्हणजे किती, यावरच सगळी भांडणं होतात. वादळाचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग, कधी येणार यावरून वेळ मोजायची नाही. ३४ नॉटचा वारा बंदराला कधी लागणार, तो क्षण धरायचा आणि तिथून मागे यायचं. अमेरिकेचं तटरक्षक दल हेच करतं. तो वारा ७२ तासांवर असला की तयारीची पहिली स्थिती, मग ४८, २४ आणि १२ तासांवर पुढच्या. शेवटच्या टप्प्यात बंदर पूर्ण बंद होतं. पण कागदावरचा तास आणि हातात असलेला तास वेगळा. वाऱ्याच्या कितीतरी आधी लांबचा फुगारा, म्हणजे दूरच्या वादळानं उठवलेल्या लाटा, येतो. जहाजाला बंदरातली वाट दाखवणाऱ्या पायलटला त्याच्या बोटीवरून जहाजाची शिडी पकडायची असते, त्या फुगाऱ्यात ते जमत नाही. पायलट किती, जहाजं ओढणारे टग किती, भरती कधी, एका जहाजाला बाहेर जायला किती वेळ लागतो, असा भागाकार कर. धक्क्यावरची सगळी जहाजं काढायला लागणारा वेळ तुला वाटतो त्याहून जास्त निघेल.

त्यात अर्धवट भरलेली जहाजं असतात. हॅच, म्हणजे कोठारांची झाकणं, उघडे, माल एका बाजूला, बॅलास्ट, म्हणजे तोलासाठी टाक्यांत भरलेलं पाणी, नीट नाही. अशा जहाजाला तासाभरात समुद्रात पाठवता येत नाही. आधी माल थांबवायचा, हॅच बंद करायचे, टाक्या एकतर पूर्ण भरायच्या नाहीतर पूर्ण रिकाम्या ठेवायच्या, कारण अर्ध्या टाकीतलं पाणी इकडून तिकडे धावतं आणि जहाजाचा तोल खातं. म्हणून माल थांबवण्याचा आदेश जहाज सोडण्याच्या आदेशाच्या बराच आधी निघाला पाहिजे. ‘अजून एक शिफ्ट करू द्या’ असं सांगणारे फोन येतील. त्यांचं नुकसान खरं असतं, त्यांच्याशी नीट बोल. पण ती शिफ्ट देऊ नकोस.

हवामान खात्याचा अंदाज बदलला तर, असंही ते विचारतील. बदलतोच. म्हणून नाविक २४ तासांच्या अंदाजाला १००, ४८ तासांच्या अंदाजाला २०० आणि ७२ तासांच्या अंदाजाला ३०० सागरी मैलांची चूक धरून वादळापासून अंतर ठेवतात. नकाशावरची रेषा तुझ्या बंदराला चुकवून जात असेल तरी त्या रुंद पट्ट्यात तू आहेस का, ते बघ. आणि उत्तर गोलार्धात वादळाच्या वाटेच्या उजव्या हाताला असलेल्या बंदरावर वारा समुद्राकडून येतो आणि पाणी आत लोटतो. तिथं जरा जास्तच घाबरावं.

आभाळावर विश्वास ठेवू नकोस. २६ सप्टेंबर १९५४ ला जपानमधल्या हाकोदाते बंदरात ‘तोया मारू’ ही फेरी वादळामुळे थांबवली होती. संध्याकाळी पाऊस थांबला, आभाळ उघडलं. वादळाचा डोळा वरून जातोय असं समजून कप्तानानं जहाज काढलं. थोड्याच वेळात वारा उसळला, बंदराबाहेर नांगर टाकावा लागला. वाहनांच्या डेकमधून पाणी शिरलं, इंजिनं बंद पडली, जहाज उलटलं. अकराशेहून जास्त माणसं गेली.

सगळीच जहाजं बाहेर जाऊ शकत नाहीत. दुरुस्तीला लागलेलं, इंजिन उघडून ठेवलेलं जहाज ही माझ्या मते बंदरातली सर्वांत कठीण गोष्ट. त्याची यादी हंगाम सुरू होण्याआधीच हातात ठेव. चांगल्या बोलार्डच्या धक्क्यावर आणायचं, दोर दुप्पट करायचे, पाणी चढेल हे धरून ते सैल करायला माणसं जहाजावर ठेवायची, बॅलास्ट भरून जहाज खाली बसवायचं. बार्ज, म्हणजे मालवाहू सपाट तराफे, आणि छोट्या नौका आडोशाला न्यायच्या. त्यांच्याकडे शेवटी लक्ष जातं आणि सुटून सगळ्यात जास्त विध्वंस त्याच करतात.

धक्क्यावरच्या क्रेनचं वेगळं सांगतो, कारण तुझ्या कक्षातून त्या दिसतात पण तुझ्या ताब्यात नसतात. क्रेन रुळावर चालते. ब्रेकवर विसंबलं तर वारा तिला ढकलत नेतो आणि ती शेजारच्या क्रेनवर आदळते. सप्टेंबर २००३ मध्ये मेमी वादळात दक्षिण कोरियाच्या बुसान बंदरातल्या ११ क्रेन निकामी झाल्या. म्हणून क्रेन ठरलेल्या जागी नेऊन पिन घालायची, जमिनीतल्या हुकांना बांधायची. तिथवर न्यायलाही वेळ लागतो आणि वारा वाढला की क्रेन चालवता येत नाही. रिकाम्या कंटेनरच्या उंच थप्प्या उतरवून घ्यायच्या, धोकादायक माल कुठं आहे ते लिहून ठेवायचं. आणि कामगारांना त्यांचं घर बांधून घ्यायला पुरेसा वेळ राहील इतक्या लवकर सोडायचं. ते शेवटी उरलेलं काम नाही, आधीच ठरवायचं काम आहे.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसलो ते. १ ऑक्टोबर २०१५ ला ‘एल फारो’ हे अमेरिकन मालवाहू जहाज जोआकिन वादळात बहामाजवळ बुडालं. ३३ जण होते, एकही वाचला नाही. पुढच्या वर्षी समुद्रतळातून आवाजाची नोंद करणारं यंत्र काढलं, त्यावर ब्रिजवरचं, म्हणजे जहाज चालवण्याच्या खोलीतलं, बोलणं आहे. रात्रपाळीच्या अधिकाऱ्यांनी कप्तानाला फोन करून दक्षिणेकडून जाण्याचा मार्ग सुचवला होता. कप्तान पाहत होता ती हवामानाची माहिती काही तासांनी जुनी होती. मार्ग बदलला नाही. तू नवी आहेस, तुझ्यापेक्षा अनुभवी माणसं समोर असतील. तरी आकडे तुला वेगळं सांगत असतील तर एकदा बोलून गप्प बसू नकोस. माहिती किती वाजताची आहे ते विचार, नोंदवहीत लिही, पुन्हा सांग, त्यांच्या वरच्यांना सांग. तुझा अंदाज चुकला तर एक दिवसाचा धंदा बुडेल, एवढंच.

वादळ गेल्यावर लगेच जहाजं आत घ्यायची घाई होते. तळाशी काय पडलंय, मार्ग दाखवणारे तरंगते बोया जागेवर आहेत का, गाळ किती सरकलाय हे सोनारनं, म्हणजे ध्वनिलहरींनी तळ पाहणाऱ्या यंत्रानं, तपासल्याशिवाय मार्ग उघडत नाहीत. म्हणजे सर्वेक्षणाची बोट आणि एक-दोन टग शाबूत राहणं फार गरजेचं. तुमच्याकडे त्या कुठं लपवतात, नियोजनात लिहिलंय का? बघून कळव. नसेल तर हंगामाआधी ती जागा ठरवून घ्या.

तुझा,
बाबा