आरोग्य संशोधनाचा हिशेब मांडणाऱ्यांनाही पुरस्कार हवा

महोदय,

लस शोधणाऱ्यांचा सत्कार होतो, तो व्हायलाच हवा. पण त्या संशोधनावर घातलेल्या रुपयामागे समाजाच्या पदरात काय पडले, किती माणसे कामावर टिकली, किती घरे सावकाराच्या दारात जाण्यापासून वाचली, हे वर्षानुवर्षे आकडे जमवून मांडणाऱ्या अर्थतज्ज्ञाला आपल्याकडे कोणी शाल-श्रीफळ देत नाही. अमेरिकेत अशा अभ्यासकांसाठी 'गारफील्ड' पुरस्कार आहे.

गडचिरोलीचेच पाहा. गावातल्याच बाईला शिकवून घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी केला. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे त्यांनी १९९९मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडले, हे अनेकांना माहीत आहे. त्याच लेखात एका बाळामागे ५.३ डॉलर खर्च आल्याचेही लिहिले होते. मला तो आकडा तितकाच मोलाचा वाटतो. दर बाळामागे किती लागतील हे कळल्याशिवाय सरकारी फाइल पुढे सरकत नाही. पुढे ही गृहभेट देशभरातल्या आशाताईंच्या कामाचा भाग झाली.

'जिवाची किंमत कशी लावता?' असे मला विद्यार्थी विचारत. प्रश्न योग्यच होता. पण हिशेब मांडला नाही, तर अंदाजपत्रकात त्या जिवाची किंमत शून्य धरली जाते. शिकागो विद्यापीठातील अर्थतज्ज्ञ केविन मर्फी आणि रॉबर्ट टोपेल यांनी तो मांडला: १९७० ते २००० या काळात अमेरिकेत वाढलेल्या आयुर्मानाचे मोल वर्षाला सुमारे ३.२ लाख कोटी डॉलर. मी मात्र अनेक वर्षे वर्गात आरोग्य 'खर्चा'च्याच रकान्यात शिकवले, याची आज खंत वाटते.

पुण्यात १९५२पासून विषाणूंवर संशोधन चालते. माकडतापाचा विषाणू १९५७मध्ये इथल्याच शास्त्रज्ञांनी ओळखला. त्याच शहरात १९३०पासून गोखले अर्थशास्त्र संस्था आहे. प्रयोगशाळा आणि अर्थशास्त्र दोन्ही हाताशी असताना हा पुरस्कार पुण्यातूनच निघावा. २०३०मध्ये गोखले संस्थेची शताब्दी आहे, तोच मुहूर्त धरावा. पहिला मान एखाद्या तरुण अभ्यासकाला मिळावा. रक्कम छोटी असली तरी चालेल. माझे एक महिन्याचे निवृत्तिवेतन त्यासाठी द्यायला मी तयार आहे.

– अर्थशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक, सदाशिव पेठ, पुणे