ओल औषधालाही लागते

महोदय,

जून लागला की गोव्यात भिंतींना बुरशी धरते आणि दमा बळावतो, हे सर्वांना ठाऊक आहे. पण ओल औषधालाही लागते. इनहेलरच्या कॅप्सूल आठवडाभरासाठी डबीत काढून ठेवल्या की आतली पूड चिकटून गोळा होते, फुप्फुसात पोहोचत नाही. कॅप्सूल ऐनवेळी, कोरड्या हातांनीच काढावी. स्पेसर (फवाऱ्याच्या इनहेलरला जोडायची पोकळ नळी) साबणपाण्यातून काढून नुसता निथळत ठेवावा, रात्र गेली तरी चालेल. फडक्याने पुसला तर स्थिर वीज तयार होऊन औषध आतल्या बाजूलाच चिकटते. (आपल्याकडे पुसल्याशिवाय कोणाला चैन पडत नाही!) औषध ओढल्यावर श्वास दहा सेकंद रोखावा. स्टेरॉइडचा इनहेलर घेतल्यावर चूळ भरून थुंकावी, नाहीतर बुरशी जिभेवरही येते.

– एक वाचक, म्हापसा