घराणे तपासण्यापेक्षा रुग्णाची स्मृती तपासा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्यविषयक पानावर स्किझोफ्रेनिया या भास-भ्रम होणाऱ्या मानसिक आजारासंबंधी नुकताच जो लेख आला, त्यात आनुवंशिकतेविषयी ‘हा आजार आनुवंशिक आहे’ एवढे एकच वाक्य होते. ते चूक नाही. परंतु सोलापुरात स्थळ मोडायला तेवढे पुरते. माझा धाकटा भाऊ २२ वर्षांपासून या आजाराने त्रस्त आहे आणि त्याच्या मुलीची ठरत आलेली सोयरीक ‘तुमच्या घराण्यात आहे’ असे सांगून मोडली गेली, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

जुळ्यांच्या अभ्यासांवरून या आजाराची आनुवंशिकता सुमारे ८० टक्के धरली जाते. रुग्णाच्या १०० मुलांपैकी ८० जणांना आजार होतो, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. माणसामाणसांत या आजाराबाबत जो फरक आढळतो, त्यात जनुकांचा वाटा किती, एवढेच तो आकडा सांगतो. आई किंवा वडील रुग्ण असतील तर मुलाला आजार होण्याची शक्यता साधारण दहात एक असते, आणि बहुतेक रुग्णांचे आईवडील या आजारापासून मुक्त असतात. ७६ हजारांहून अधिक रुग्णांच्या जनुकांचा जो अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला, त्यात आजाराशी संबंध असलेली जनुकसंचातली २८७ स्थाने सापडली. त्यांपैकी बहुतेकांचा परिणाम एकेकटा पाहिला तर इतका अल्प आहे की, रक्त तपासून लग्नाआधी ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगणे शक्य नाही.

मग जनुके नेमके करतात तरी काय? गॉट्समन आणि शील्ड्स या संशोधकांनी १९७२ मध्येच सुचवले होते की, जनुके आणि भास-भ्रम यांच्या मधल्या पायरीवरची, मोजता येणारी लक्षणे शोधावीत. त्यानंतर अशा अनेक गोष्टी मोजल्या गेल्या. अर्ध्या सेकंदाच्या अंतराने दोन ‘टक्’ आवाज ऐकवले की दुसऱ्या आवाजाला निरोगी मेंदूचा प्रतिसाद एरवी कमी होतो. अनेक रुग्णांत तो पुरेसा कमी होत नाही. (यंत्रमागाच्या खडखडाटात आयुष्य काढणाऱ्या आमच्या वस्तीत आवाजाकडे दुर्लक्ष करणे ही उपजत कला वाटे, भावाला ती कधीच साधली नाही. अर्थात, यावरून काही सिद्ध होत नाही.) प्रकाशाचा ठिपका दिसताच त्याच्या विरुद्ध दिशेला पाहण्यात होणाऱ्या चुका, ऐकलेले आकडे उलट क्रमाने सांगणे, शब्दांची यादी लक्षात ठेवणे, स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस या भागाचे आकारमान, या सर्वांत रुग्णांचा गट सरासरीने मागे दिसतो. यांपैकी अनेक बाबतींत रुग्णांची निरोगी भावंडेही किंचित मागे आढळतात. मी सख्खा भाऊ असल्याने उलट आकड्यांत मीही अडखळत असेन, तरीही ३१ वर्षे शाळेत गणित शिकवून निवृत्त झालो. या लक्षणांची जनुकीय घडण आजारापेक्षा सोपी असेल, ही संशोधकांची आशा मात्र फारशी फळली नाही. त्यांच्यामागेही असंख्य जनुकांचा हात असल्याचे दिसून आले.

या संशोधनाचा उपयोग घराणी पारखण्यासाठी होणार नाही, पण रुग्णाला समजून घेण्यासाठी तो आजच होऊ शकतो. भाऊ टॉवेलच्या कारखान्यात डझनावारी मोजणीचे काम करीत असे. औषधांनी त्याला ऐकू येणारे आवाज थांबले, तरी सातव्या-आठव्या टॉवेलला त्याची मोजणी चुकतच राहिली. मालकाने त्याला कामचुकार ठरवले आणि आम्ही घरच्यांनीही ते मानले, याची मला आज लाज वाटते. भास-भ्रमांवर चालणारी औषधे स्मृती आणि लक्ष यांच्या अडचणींवर फारशी चालत नाहीत, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. पुढे दर डझनाला खडूची एक रेघ ओढायची सवय त्याला लावली, तेव्हा चुका पुष्कळ कमी झाल्या.

म्हणून माझी विनंती अशी की, आपल्या जिल्ह्यातील मानसोपचार विभागांत औषधाच्या चिठ्ठीबरोबर रुग्णाची स्मृती आणि लक्ष यांची साधी चाचणीही व्हावी, तिचा निष्कर्ष नातेवाइकांना मराठीत (आणि पूर्व भागातल्या कुटुंबांना तेलुगूत) समजावून सांगावा, आणि आपण पुढच्या लेखात ‘आनुवंशिक’ या शब्दाशेजारी ‘दहात एक’ हा आकडाही छापावा.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक, सोलापूर