अर्धा तास थांबलेल्या आरोग्यसेवक दादांना

नमस्कार दादा,

तुमचं नाव या पत्रात मुद्दाम घालत नाही. वरच्या कुणी वाचून ‘एकाच घरात अर्धा तास काय करत बसला होतात?’ असं विचारलं, तर उपकाराची फेड भलतीच व्हायची. तुम्ही वाचलंत तर ओळखालच. सांगलीच्या गावभागातली अरुंद बोळ, दारात भिजलेल्या गाद्यांचा ढीग, आत पाणी न पिण्याचा हट्ट धरून बसलेली म्हातारी. तिची सून ती मी.

यंदा 2019 च्या ऑगस्टात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं. धोक्याची पातळी 45 ची. ‘2005 ला 53 वर थांबलं होतं’ या हिशेबावर आम्ही सामान माळ्यावर चढवलं आणि सामानासकट हिशेबही बुडाला. पुराचं पुष्कळ छापून आलं, ते राहू दे. पाणी उतरल्यावर काय असतं ते मात्र फारसं कुणी लिहीत नाही, कारण तोवर कॅमेरेवाले गेलेले असतात. भिजून फुगलेलं धान्य, पाझरलेला गूळ, गटाराचा मैला आणि कृष्णेचा चिकट गाळ या सगळ्याचा मिळून जो वास होतो ना, तो केसांत बसतो, हातातल्या भाकरीला लागतो. जमिनीखालच्या हौदात पुराचं पाणी शिरलेलं. नळाला पाणी आलं तरी ते प्यायचं की नाही, हे सांगणारं कुणी नाही.

तुमच्या आधी येऊन गेलेले होते, नाही असं नाही. एका साहेबांनी गाडीतूनच बोळाकडे बघितलं. चिखल बुटाला लागेल अशी भीती असावी. दुसऱ्यांनी ‘पाणी उकळून प्या’ असं छापलेला कागद हातात दिला. शेगडी गाळात, सिलिंडर वाहून गेलेला, उकळायचं कशावर? कागद असा गुळगुळीत की पुसायलाही कामी आला नाही. तिसऱ्यांनी औषधाची बाटली टेकवली, “थेंब टाका पाण्यात” म्हणाले आणि निघाले. किती थेंब, किती पाण्यात, कधी प्यायचं, काही नाही. आणि ज्या तुंबलेल्या गटाराबद्दल पुराच्या कितीतरी आधीपासून आम्ही अर्ज देत होतो, त्याचं उत्तर ‘तो भाग आमच्याकडे येत नाही’ असं होतं. पूर मात्र बिचारा कुणाचा भाग न विचारता आला.

आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, त्या थेंबांच्या पाण्याचा पहिलाच घोट थुंकून टाकला. “औषध घालून मारताय होय मला?” त्या दिवसापासून पाणी बंद. चहासुद्धा नको. ओठ सुकलेले, बोलताना जीभ टाळ्याला चिकटायची. आणि एकदा बघते तर हौदाच्या तोंडाशी वाकून तांब्यानं तेच घाण पाणी उपसतायत. तेव्हा माझा धीर सुटला.

त्याच दिवशी तुम्ही आलात. गुडघ्यापर्यंत चिखल, खांद्याला पिशवी. घागरीत वाकून बघितलंत, “तुरटी फिरवली का?” विचारलंत. सकाळीच फिरवली होती. “बेस केलंत. गढूळ पाण्यात औषध घातलं तर ते गाळावरच खर्ची पडतं.” मग टीसीएल, म्हणजे ब्लीचिंगची, पावडर कालवलीत, चुना खाली बसू दिलात, वरची निवळी तेवढी घागरीत घातलीत आणि म्हणालात, “आता अर्धा तास.”

इथवर कुणीही केलं असतं. अर्ध्या तासानं प्या, असं सांगून पुढच्या दारात गेलं असतं. अख्खी पेठ बाकी होती, तुमच्या यादीची पानं मी बघितली होती. पण तुम्ही आत्याबाईंच्या तोंडाकडे बघितलंत आणि त्या ओल्या कट्ट्यावर बसलात.

“कुठलं गाव रे तुझं?” त्यांनी विचारलं.

“माण तालुका, आजी.”

“अगं बाई! तिकडं प्यायला पाणी न्हाई, आणि तू आमाला पाणी प्यायला शिकवणार?”

तुम्ही हसलात. उन्हाळ्यात टँकर आला की हीच पावडर, हाच अर्धा तास, आणि तिकडच्या म्हाताऱ्याही वास येतो म्हणून अशाच भांडतात, म्हणालात. मग वेळ झाल्यावर छोट्या नळीत घागरीतलं पाणी घेऊन वर दोन थेंब टाकलेत. पाणी पिवळं झालं, म्हणजे औषध पाण्यात उतरलं होतं. “बघा आजी, पाण्याला हळद लागली.” त्या गालातल्या गालात हसल्या. मग तुम्ही आधी स्वतः फुलपात्र भरून घटाघटा प्यालात आणि तेच विसळून त्यांच्यापुढे धरलंत. प्याल्या, दादा. वर “वास येतोयच” असं बजावून दुसरं मागितलं.

जाताजाता ह्यांच्या पोटरीवरची, दुकानाच्या पत्र्यानं कापलेली जखम तुमच्या नजरेला पडली. उंदराच्या मुतातले जंतू असल्या कापलेल्या कातडीतूनच आत शिरतात आणि लेप्टो नावाचा आजार होतो, हे आम्हाला तुमच्याकडून कळलं. गोळी जेवल्यावर समोर घ्यायला लावलीत, गमबूट घातल्याशिवाय गाळात उतरायचं नाही असं दटावलंत. ह्यांना दटावणारं माणूस घरात मी सोडून पहिल्यांदाच बघितलं.

दादा, या पुरात चांगली माणसं कमी नव्हती. मंडळाच्या पोरांनी मोटर लावून हौद उपसला. बाहेरगावाहून आलेल्या सफाई कामगारांनी मेलेली जनावरं उचलली, जिथं आम्ही नाकाला पदर लावून उभ्या होतो. त्यांना कुणी नीट चहा विचारला की नाही, कोण जाणे. पद, गाडी, लाउडस्पीकर यातलं काही नसलेली माणसंच शेवटी दारात उतरतात, असं यंदा दिसलं. मोठ्या पदावरही असतील तशी, नाही कशाला म्हणू. आमच्या बोळात आली नाहीत एवढंच.

आता गणपती बसलेत. भिंतींची ओल अजून आहे, ती दिवाळीपर्यंत जात नाही म्हणतात. आत्याबाई घागरीवर नजर ठेवून असतात. औषध घालून लगेच भांडं बुडवलं की माझ्यावर ओरडतात. तुम्हाला सांगलीचा भडंग पाठवायचाय. नेहमीचं दुकान धुऊनपुसून परत उघडलंय. माणला कुठल्या गावी पाठवू, तेवढं कुणाकडून तरी कळवा.

तुमची,
गावभागातली वहिनी