सहलीच्या वेळापत्रकात पोटासाठीही वेळ हवा

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

उन्हाळी सुटीत पुण्यातून निघणाऱ्या सहलींच्या जाहिराती सध्या रोज वाचायला मिळतात. त्यांत निवास, जेवण आणि दर्शन यांचा तपशील असतो. सकाळी शौचाला जाण्यासाठी प्रवाशांना किती वेळ मिळेल, हे मात्र कोणीच लिहीत नाही. विषय चारचौघांत काढण्याजोगा नसला, तरी साठी उलटलेल्या अनेकांची सहल त्यापायी बिघडते, म्हणून हा पत्रप्रपंच.

मार्चमध्ये आम्ही काही निवृत्त शिक्षिका दोन दिवसांच्या अष्टविनायक यात्रेला गेलो होतो. बस पहाटे पाचला स्वारगेटहून सुटणार असल्याने बहुतेकींनी घरी कपभर चहा घेतला आणि ‘बाकीचे वाटेत बघू’ म्हणून निघाल्या. माझ्या शेजारच्या बाई बाटलीच्या झाकणात घोटभर पाणी ओतायच्या, तेवढ्याने घसा ओला करायच्या आणि बाटली पुन्हा पिशवीत ठेवायच्या. कारण विचारले, तर म्हणाल्या, “अहो, पाणी प्यायले की जावे लागते, आणि जायचे कुठे?” त्यांचे काही चुकत नव्हते. पहिल्या थांब्यावरच्या स्वच्छतागृहाला कडी नव्हती, नळाला पाणी नव्हते आणि बाहेर पंधरा जणींची रांग होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्कामावरूनही सहाला निघायचे होते. त्या दुपारपर्यंत आमच्यापैकी तिघींचे पोट फुगले होते आणि समोरचे ताट नकोसे झाले होते.

प्रवासातल्या बद्धकोष्ठाचे खापर आपण बाहेरच्या खाण्यावर फोडतो, पण माझ्या मते निम्मा दोष घड्याळाचा आहे. मोठे आतडे मळातले पाणी शोषून घेत असते, त्यामुळे मळ तेथे जितका रेंगाळेल तितका तो कोरडा आणि घट्ट होतो. झोपेतून उठल्यावर आणि काही खाल्ल्यावर आतड्याची हालचाल वाढते. नेमक्या त्याच वेळी आपण बसमध्ये चढून हजेरी देत असतो. आलेला शौचाचा वेग वारंवार दाबला की पुढे त्याची जाणीवही मंदावते. वेग अडवू नये, असे आयुर्वेदही बजावतो.

खाण्याचे म्हणाल, तर सकाळी वडापाव, दुपारी मैद्याच्या पुऱ्या आणि उपास असलेल्यांना साबुदाण्याची खिचडी, असा आमचा पहिला दिवस गेला. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात चोथा नावालाही नाही. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण 25 ते 30 ग्रॅम तंतुमय पदार्थ लागतात आणि 100 ग्रॅम पेरूतून त्यांतले सुमारे 5 ग्रॅम मिळतात. सासवडच्या रस्त्याला पुरंदरचे अंजीर पाट्यांत मांडून विकायला ठेवले होते, तेथे दहा मिनिटे बस थांबली असती तर औषधाचे काम फळानेच केले असते. बरोबर ज्वारीची भाकरी किंवा दशम्या आणि भिजवलेल्या मनुका नेणे तर आपल्याच हातात आहे.

औषधांच्या बाबतीत मात्र सावध राहावे. आमच्यातल्या एकीने मुक्कामी रात्री जालीम रेचक चूर्ण घेतले आणि दुसऱ्या दिवशी घाट उतरताना बस दोनदा थांबवावी लागली. (त्यांनी हे पत्र वाचले, तर त्या मला क्षमा करतील अशी आशा आहे.) इसबगोल त्या मानाने सौम्य असले, तरी ते पेलाभर पाण्याबरोबरच घ्यावे, कारण पाणी कमी पडले तर तेच आतड्यात अडकून बसू शकते. लोहाच्या गोळ्यांनी आणि काही वेदनाशामकांनीही मळ घट्ट होतो, तेव्हा निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारलेले बरे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी तर विचारावेच. मळातून रक्त जाणे, उलट्या होणे किंवा पोट दुखत असताना वायूही न सरणे ही लक्षणे दिसली, तर घरी परतेपर्यंत थांबू नये.

सहल आयोजकांना माझी विनंती एवढीच, की मुक्कामाच्या सकाळी न्याहारी आणि प्रस्थान यांमध्ये पाऊण तास ठेवावा, दर दोन-अडीच तासांनी पाणी आणि कडी असलेल्या ठिकाणीच बस थांबवावी आणि हे थांबे माहितीपत्रकात छापावेत. गुडघेदुखीमुळे उकिडवे बसता न येणाऱ्यांसाठी कमोड कोठे आहे, तेही त्यात असावे. आमच्या आयोजकांना हे तोंडी सांगितले, तेव्हा “मग पालीला पोहोचायला तासभर उशीर होईल,” असे उत्तर मिळाले. तो उशीर आम्हा सगळ्यांना चालला असता. आम्हाला कोणी विचारलेच नव्हते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
सहकारनगर, पुणे