भडंगाच्या डब्याखाली घड्याळ आहे

सांगली, रविवार रात्र

चि. ओंकारास,
अनेक आशीर्वाद.

बस सुटेपर्यंत बाबांशी बोलला नाहीस. राउटर कपाटात कोंडणं त्यांचं चुकलंच. दारू पार सोडता येते, इंटरनेट नाही; तुझा अभ्यास, मेसचे पैसे, सगळं त्यावरच. म्हणून इंटरनेटच्या व्यसनावरच्या तुझ्या या उपचारात बंदी नसते, वापराच्या वेळा बांधून घ्यायच्या असतात.

मंगळवारी पहिली बैठक. एकूण १०-१२ तरी लागतील. जाताना वही ने. फोन उचललास ती वेळ, जागा, त्याआधी मनात काय होतं (कंटाळा, भीती, एकटेपणा) आणि ते १० पैकी किती, मिनिटं किती ठरवली, किती गेली. तिथल्या तिथे लिही. रात्री आठवून लिहिलं की तीन तासांचा एक होतो. आणि रात्री फोन खोलीबाहेर चार्जिंगला लाव.

पुढचं काम विचारांचं. ‘पाचच मिनिटं’, ‘आत्ता उठलो तर गेमच्या टीममधून बाद’. मनात आलं तसं लिही आणि शेजारी पुरावा मांड: मागच्या दहा वेळांत पाच मिनिटांनी कितीदा उठलास? मग त्या जागी पटेल असा विचार. ‘फोनला हातच लावणार नाही’ असला नको, तुझाच त्यावर विश्वास बसणार नाही. हुक्की आली की दहा मिनिटं थांब, ती चढते तशी उतरते. आयर्विन पुलावर आप्पांच्या खांद्यावर बसून पुराचं पाणी बघायचास, आणि घटकेघटकेला “उतरलं का?” तुझी एक चप्पल तिथेच गेली. निळी होती.

काय सांगत होते? हां, एखादी रात्र हातची जाईल. त्यापेक्षा घातक नंतरचा विचार: ‘मोडलंच आहे, तर आज होऊ दे.’ तीही रात्र वहीत लिही, पान फाडू नकोस.

मोहित्यांच्या वडगावात २०२२ मध्ये संध्याकाळी ७ चा भोंगा सुरू झाला, दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. बाबांना तेच हवंय. पण तिथे सगळ्या गावाचे बंद होतात, हॉस्टेलवर तू एकटा. खोलीतल्या सोबत्याला सांगून ठेव. झोप तुटली की दुसऱ्या दिवशी मन आवरत नाही, मग वही-बिही सगळं फुकट. म्हणून म्हणते, फोन बाहेर.

पुन्हा शिकवायला लागले. दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांशी हेच बोलते, जीभ वळते तशी. मंगळवारची वेळ तू स्वतःहून घेतलीस, हे बाबांना अजून सांगितलं नाही, गल्लीभर करतील.

फार खचल्यासारखं झालं तर टेलि-मानस, मन मोकळं करायची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, रात्रीही उचलतात. त्याआधी मला लाव, कितीही वाजू देत. (हो, फोन बाहेर असताना कसा लावणार, ते कळतंय मला. उठून जा.)

गजराचं निमित्त नको म्हणून भडंगाच्या डब्याखाली माईंचं किल्लीचं घड्याळ ठेवलंय. रोज चार मिनिटं मागे पडतं. झोपताना किल्ली दे, फोन ठेवून आल्यावर.

तुझी,
आई